दुर्बिणीच्या तपासणीला सोबत

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी लेथवर होतो. आमचं घर मेंढरं पाळणारं. पावसाळा संपला की घरचे कळप घेऊन निघायचे; मग कोणत्या शिवारात त्यांचा मुक्काम आहे, हे मलाही कळायचं नाही. मी गुलमंडीच्या मागं भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो.

कारखान्यात एकच जवळचा माणूस होता, शेजारच्या लेथवरचा. आम्ही एकाच डब्यात जेवायचो. विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं तेव्हा त्याच्या मावशीचं घर गावातल्या लोकांनी जाळलं. तो चार दिवस कामावर आला नाही. पाचव्या दिवशी आला, तर मला काय बोलावं ते सुचलं नाही. माझे नातेवाईक नामांतराच्या विरोधात बोलत होते, आम्ही एकत्र जेवतो हे त्यांच्या कानावर जाईल अशीही भीती होती. मी डबा घेऊन दुसरीकडं बसलो. त्यानं ते पाहिलं. त्यानंतर काही वर्षं आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं.

पुढं गरम चहा गिळताना छातीत एकाच जागी चटका बसायला लागला. बाकी काही त्रास नव्हता. कंपनीच्या डॉक्टरांनी मला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "गुंगीचं इंजेक्शन देणार आहे. सोबत कुणीतरी पाहिजे. एकटा येऊ नकोस."

दोन दिवस मी माणूस शोधत होतो. शेवटी सुट्टीच्या भोंग्यानंतर गेटवर त्यालाच गाठलं.

"उद्या दवाखान्यात येशील का? माझ्याकडं कुणी नाय."

"किती वाजता?" एवढंच त्यानं विचारलं.

खोलीत अंधार केला होता. घशात कडू फवारा मारला, तोंडातून काळी नळी आत सरकवली. नळीतून प्रकाश आत जात होता अन् डॉक्टर वरच्या भिंगातून बघत होते. त्याच नळीतून त्यांनी आयोडीन सोडलं. छातीत जळजळलं, डोळ्यांतून पाणी आलं. मी हात हलवला तसा बाजूला उभ्या माझ्या सोबत्यानं तो धरला. डॉक्टरांनी त्याला नळीला जोडलेल्या दुसऱ्या भिंगातून बघायला बोलावलं, तेव्हाही त्यानं हात सोडला नाही.

नंतर बाकावर बसल्यावर त्यानं सांगितलं, "त्या आयोडीननं आतून सगळं तपकिरी झालं रं. हरभऱ्याएवढा एकच डाग पांढरट राह्यला. त्याचाच तुकडा काढलाय."

गुंगी उतरत होती. मी विचारलं, "मावशी कशी आहे?"

तो माझ्याकडं वळला. "आत्ता विचारतो व्हय?" मग म्हणाला, "नांदेडला लेकीकडं असती. गावाकडं परत गेली नाय."

मला माफी मागायची होती, ती मागितली नाही. घसा बधिर होता, पण खरं सांगायचं तर कारण ते नव्हतं.

आठवड्यानं निकाल आला. कॅन्सरच होता, पण वरच्या अस्तरातच. "लई लवकर आलास," डॉक्टर म्हणाले. मुंबईला ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी परतलो, तर शेजारच्या लेथवर नवा माणूस होता. माझा सोबती काम सोडून पुण्याकडं गेल्याचं फोरमननं सांगितलं. माझ्यासाठी निरोप नव्हता.

आता दरवर्षी तपासणीला जातो. आयोडीन क्वचितच लागतं. डॉक्टर बटण दाबतात, उजेड निळा-हिरवा होतो अन् पडद्यावर आतल्या बारीक शिराही उठून दिसतात. पुतण्या गाडीनं सोडतो आणि फोन बघत बाहेर बसतो.

दहा वर्षं धडधाकट गेली, हे त्या लेथवरच्या सोबत्याला सांगावं म्हणून एकदा मी त्याच्या जुन्या वस्तीत गेलो होतो. दोन-तीन घरी विचारलं. एका बाईनं पाणी दिलं अन् माझं नाव, गाव विचारलं. मी सांगितलं. त्याचा पत्ता मात्र तिलाही ठाऊक नव्हता. पाणी पिऊन मी बसस्टॉपपर्यंत चालत आलो.