मरळीनं गिळलेलं कोंबड्याचं पीस

शिवराम, तुमचा खोकला थांबला का? गणपतराव, गुडघा काय म्हणतो? किसनभाऊ, सूनबाई अन् नातवंडं बरी ना? ही चिठ्ठी तुमी तिघा गळवाल्यांनी मिळून वाचा, कारण आज पैनगंगेवर नवलच झालं.

आमची कमळी बाळंतपणाला माहेरी आली आहे. आल्यापासून पोरीच्या पोटात अन्न ठरत नाही. काल म्हणाली, "बाबा, मरळ असती तं खाल्ली असती." मग मासा आणायचा सोडून मी घरी बसतो का!

सकाळी गळाला गांडूळ लावलं, ते बारक्या मासोळ्यांनी कुरतडून नेलं. कणकेची गोळी पाण्यात विरघळली. शेवटी कोंबड्याचं लाल पीस बांधलं, वर वजनाला शिशाचा मणी ओवला आणि दम धरून बसलो. पलीकडून सखाराम भोई ओरडला, "नाना, मासे धरून राह्यले का कोंबड्याले आंघोळ घालून राह्यले?"

चिडून मी दोरी गुंडाळायला लागलो. हिसक्या-हिसक्यानं ते पीस बेडकासारखं उड्या मारत आलं, अन् मरळीनं धाडकन गिळलं! हातभर मरळ, गड्यांनो! इतकी वर्षं मी गळ पाण्यात निजवून ठेवत होतो, अन् तिला पाहिजे होतं उड्या मारणारं आमिष.

दुपारी कमळीनं रस्सा ओरपला, अन् पोटात ठरला. ताट पुढं करून म्हणते, "बाबा, अजून आहे का?"

उद्यापासून रोज जातो. तुमी पीस कोणतं बांधता, हिसका केवढा देता? लवकर लिहा, पोरगी वाट पाहून राह्यली.