बॉबिनची शिकवणी

"आणि अंगावर उडी मारली की लगेच बिस्किट, ही कुठली शिस्त?" टेलर मास्तरांची बायको म्हणाली. भांडण चहाच्या आधी सुरू झालं होतं आणि चहा गार होऊन साय धरली तरी संपलं नव्हतं.

मास्तरांनी कुत्र्याच्या पिल्लाला बिस्किट दिलं होतं हे खरं, पण उडीबद्दल नव्हतं दिलं. उडी मारून झाल्यावर बॉबिन खाली उतरला, म्हणून दिलं होतं. एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण ओठांत टाचण्या होत्या, आणि त्या काढेपर्यंत भांडण पुढच्या वळणावर गेलं होतं. मुलीचं म्हणणं, चूक आईची आहे. ती झाडू उगारते, पिल्लाला तो खेळ वाटतो. आईचं म्हणणं, ज्यांनी पिल्लू घरात आणलं त्यांनी तिला झाडू कसा धरायचा ते शिकवू नये. बॉबिन शिलाई मशीनच्या पायडलपाशी बसून ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे बघत होता. मास्तरही तेच करत होते.

बाहेरची खोली म्हणजे दुकान, आतली म्हणजे घर, मध्ये एक पडदा. तीस वर्षं मास्तर या बाहेरच्या खोलीत शर्ट, पँटी आणि कोट शिवत आले. खांद्यावर टेप ठेवला की माणूस एका कुशीवर झोपतो का ते त्यांना कळायचं. पण तोच माणूस खूश आहे की चिडलाय, हे त्यांना आत जाऊन बायकोला विचारावं लागायचं. हुकूम असा त्यांनी कधी कुणाला सोडला नव्हता. गिऱ्हाईक म्हणेल ती तारीख, बायको म्हणेल ती भाजी. बॉबिन आल्यापासून मात्र ते काम करताना अधूनमधून खाली बघून काहीतरी बोलायला लागले होते. कपडा कधी मिळेल हे न विचारता त्यांच्याजवळ बसणारा तो पहिलाच.

मंगळवारी तो डॉक्टरीणबाईंच्या अंगावर चढला. फिकट रंगाच्या कपड्यांवर पंजे उमटले आणि बाहीचं बटण त्यानं तोंडात धरलं. त्यांच्या दवाखान्यातल्या सगळ्यांचे पांढरे कोट मास्तरांकडे यायचे. वर्षभराचं खात्रीचं काम तेवढंच. बाई त्याबद्दल काही न बोलता शनिवारी ट्रायलला येते म्हणून गेल्या. काही बोलल्या नाहीत म्हणजे रागावल्या नाहीत, असं मास्तरांना वाटलं. काही बोलल्या नाहीत म्हणजे फारच रागावल्या, असं बायकोला वाटलं.

"शनिवारी तो नीट वागला तर वागला," ती म्हणाली. "नाहीतर रविवारी माझ्या भावाच्या गोदामावर. तिथे साखळीला राहील."

कोंडून ठेवायचा प्रयत्न झाला होता. आत कोंडला की तो दार ओरबाडून असा रडायचा की गिऱ्हाईक विचारायचं, घरात कुणी आजारी आहे का.

मग शिकवणी सुरू झाली. मुलीनं उरलेल्या कटिंगच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं: उडी मारली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की खाऊ द्या. बायकोला पाठ फिरवणं म्हणजे माघार घेतल्यासारखं वाटायचं, म्हणून ती जागेवर उभी राहून "बस, बस म्हणते ना" असं वाढत्या आवाजात म्हणायची. मुलगी "खाली" म्हणायची. मास्तर म्हणायचे, "अरे, राहू दे रे."

बुधवारी मास्तरांनी कागदाप्रमाणे केलं. बँकेतला कॅशियर आत आला, बॉबिन झेपावला आणि मास्तरांनी गर्रकन पाठ फिरवली. कॅशियर बिचारा दारातच थबकला. पँट न्यायला दोन महिने उशीर झाला म्हणून मास्तर रुसले असावेत असं त्याला वाटलं, आणि तो त्यांच्या पाठीला कारणं सांगू लागला. मास्तरांना वळावं की नाही कळेना. तेवढ्यात बॉबिननं पँटची पिशवी पळवली.

त्यानंतर त्यांनी आपली एक युक्ती काढली आणि घरात बोलले नाहीत. गिऱ्हाईक आलं की उड्या मारू द्यायच्या, त्याला काही इलाज नव्हता. पण माप घेताना टेपच्या टोकाशी खेळ नको, म्हणून एका हातानं टेप धरायचा आणि दुसऱ्या हातानं खिशातला बिस्किटाचा चुरा खाली सोडायचा. माप होईपर्यंत बॉबिन गप्प बसायचा. तीन दिवसांत सोळा गिऱ्हाइकांची मापं शांतपणे झाली. दारात मात्र गोंधळ तसाच.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या. पडद्याला चिकटून बायको आणि मुलगी उभ्या. बॉबिन शेपूट हलवत सुटला आणि बाईंच्या गुडघ्यापर्यंत चढला. मुलगी "खाली" म्हणाली, बायको "बस" म्हणाली. मास्तरांचं डोकंच बंद पडलं. माप घेताना रोज तोंडातून जे यायचं तेच आलं.

"हात जरा बाजूला पसरा, बाई."

बाईंनी सवयीनं दोन्ही हात पसरले. बॉबिन खाली उतरला आणि त्यांच्यासमोर ताठ बसला.

बाईंनी हात खाली घेतले. तो उठला, पुढचे पाय उचलले. त्यांनी हात पसरले, तो बसला. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर त्या हात पसरूनच म्हणाल्या, "मास्तर, मी अशी किती वेळ उभी राहू?"

मास्तरांना खरंच काही कळेना. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला. त्यात हातांचं काही नव्हतं. बायको मात्र पुढे आली, त्यांच्या खिशात हात घातला आणि मूठभर चुरा बाहेर काढून सगळ्यांना दाखवला.

"हे बघा," ती म्हणाली. "हात पसरलेला माणूस म्हणजे खाऊ. हात खाली सोडलेल्या माणसाशी कसं वागायचं, हे त्याला सांगितलंय कुणी?"

बाई हसल्या की काय, मास्तरांना नक्की कळलं नाही. कोट खांद्यात बरोबर बसला, त्या पुढची तारीख घेऊन गेल्या, जाताना दारात पुन्हा हात पसरून थांबल्या. त्या गेल्यावर बायकोनं आपल्या भावाला फोन लावायला घेतला. नीट वागला असं काही तिला म्हणता येत नव्हतं. वागला नाही असंही म्हणता येत नव्हतं, म्हणून ती नंबर दाबता दाबता थांबली आणि मास्तरांकडे बघू लागली.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून खुंटीला लावला.

"रविवारी तो कुठंही जाणार नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी दुकान बंद. तुम्ही दोघींनी दारातून यायचं, हात खाली सोडून. तो बसला तरच आत."