खंडेनवमीचं पाणी

दिलीप कुणाच्याही घरी गेला की आधी तिथल्या यंत्रांना हात लावायचा. फ्रिजची बाजू, इन्व्हर्टर, टीव्हीची पाठ. लेकराचा ताप बघावा तसा तळवा टेकवायचा आणि मगच चहाच्या कपाकडे वळायचा. "राजन, तुझा फ्रिज तापून राहिला रे. भिंतीपासून जरा सरकव." मदन महल वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे माझ्या फ्रिजची तपासणी काही चुकायची नाही.

तो रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. त्याची बायको, मीनलवहिनी, घरी बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करायच्या. आमच्याकडच्या मे महिन्यात त्यांचा कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडायला लागला, तेव्हा त्याच्या आतच पाणी फिरवून त्याला थंड ठेवणारा कूलर बसवायचं ठरलं. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "तयार मिळतो तो घे. सीलबंद. बसवला की विसरून जा."

दिलीप असा भडकला म्हणून सांगू! "विसरून जा? बाप्पा! ज्याच्यात हात घालता येत नाही, ते आपलं कसं म्हणायचं? त्या बंद डब्यातला पंप गेला, की अख्खा डबा फेका. मी स्वतः जोडला तर त्यात बिघडेल तेवढंच बदलता येतं." आणि त्याने टाकी, पंप, रेडिएटर, पारदर्शक नळ्या असं एकेक आणून स्वतः जोडलं. कॅबिनेटच्या काचेमागे पाणी फिरताना दिसलं तेव्हा मला आणि वहिनींना ओढत नेऊन दाखवलं.

त्यातलं पाणी वर्षातून एकदा बदलावं लागे. त्यासाठी त्याने खंडेनवमी धरली. हत्यारं पुजायचा दिवस, मग कॉम्प्युटरने काय पाप केलं? मी माझ्या घरचं मोठं पातेलं घेऊन जायचो. जुनं पाणी त्यात उतरवायचं, नवं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, कुठे गळत नाही ना म्हणून सांध्यांखाली कागद ठेवून वाट बघायची. मग वहिनी हळदकुंकू लावायच्या. एका वर्षी श्रद्धेच्या भरात दिलीपने टाकीत पळीभर नर्मदाजल सोडलं. दिवाळीनंतर बघतो तर नळ्यांमध्ये हिरवंगार शेवाळ! माझी हसून हसून पुरेवाट झाली.

"हसतो काहून? मैया जाते तिथे हिरवं करतेच," असं म्हणून त्याने अख्खा रविवार एकेक नळी घासण्यात घालवला. वर गुणगुणतही होता.

मग त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या वाऱ्या झाल्या, आणि एक दिवस डॉक्टरांनी त्याही थांबवल्या.

गेल्या खंडेनवमीला मी नेहमीसारखा पातेलं घेऊन गेलो. टेबलावर एक नवंकोरं खोकं होतं. तयार, सीलबंद कूलर.

"हे काय रे?"

"पाणी काढ. नळ्या पण काढ. माझे हात थरथरतात, मी सांगतो तसं कर," दिलीप म्हणाला.

मला रागच आला. "हात घालता येत नाही ते आपलं नाही, हे कोण म्हणायचं?"

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत वहिनी होत्या. मग हळूच म्हणाला, "अरे यार, आता घर तिच्याच कामावर चालणार. तिला हे उघडायची भीती वाटते, आणि तुला तर पातेलं सरळ धरता येत नाही. ज्याला माझी गरज लागणार नाही, असंच बसवायला पाहिजे ना? चलो, स्क्रू ड्रायव्हर घे."

मी नळ्या काढल्या. उभ्या जन्मात त्याने माझं हे एकच ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

नवा कूलर सुरू झाला तेव्हा दिलीपने कॅबिनेटला तळवा लावला. बराच वेळ लावून बसला. "थंड आहे," एवढंच म्हणाला. संक्रांतीच्या आधी तो गेला.

यंदा खंडेनवमीला सवयीने पातेलं हातात घेतलं आणि त्यांच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं, आता बदलायला पाणीच नाही. परत वळणार, तेवढ्यात वहिनींनी पाहिलं. आत कॉम्प्युटर चालू होता, त्याच्यावर झेंडूचं फूल होतं. मी कॅबिनेटला हात लावला. गार लागलं.

"एकदाही बंद पडला नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "वर्ष झालं. बिघडतही नाही हो मेलं!" आणि ओढणी तोंडाला लावून त्या रडायला लागल्या.