निर्जंतुक पाकिटातलं कुंकू

घ्या, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हा घोळ मी नाही सांगितला तर आमचा ड्रायव्हर सांगणार, आणि तो तिखटमीठ लावून सांगतो.

माझं काम तुम्हाला माहितीच आहे. नाशिकभर दवाखाने तपासत फिरायचं. हत्यारं नीट निर्जंतुक करतात का, सुया कुठे टाकतात, हातमोजे बदलतात का. आता कंटाळा आलाय हो. दवाखाना म्हटला की वरचा मजला, आणि वरचा मजला म्हटला की लिफ्ट बंद. माझ्या गुडघ्यांना विचारा.

त्या दिवशी खंडेनवमी. सकाळी ऑफिसात पूजा उरकली, पेढा खाल्ला आणि निघालो सातपूरला, कारखान्यांच्या वस्तीत. टायरच्या दुकानावर डॉक्टर मोनालींचा दातांचा दवाखाना. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. निफाडहून आलेली, नवीन दवाखाना, आणि माझी तपासणी पास झाली तरच परवाना पक्का. नाहीतर पुढची तपासणी होईपर्यंत दाराला कुलूप. बिचारीने मला तीनदा पाणी विचारलं.

आणि मी काय केलं असेल? आत शिरल्या शिरल्या हुकूम सोडला, "पंखा बंद करा. हत्यारांवर धूळ उडते."

ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा आणि पंखा बंद! घामाच्या धारा लागल्या. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. डॉक्टरांनी बंद पाकीट फोडून दाढ काढायचा चिमटा दिला. मला जवळचं बघायला चष्मा काढावा लागतो, म्हणून तो कपाळावर ढकलला, चिमटा पार नाकाशी नेला आणि वाकून बघितलं.

लाल ठिपका!

रक्त? बोटाने चोळून पाहिलं. रक्त कसलं, कुंकू होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळं सातपूर आज मशिनांना हळद-कुंकू वाहत होतं. या बाईंनीही हत्यारं पुजलेली दिसतात!

"डॉक्टर, आज पूजा केलीत?"

"हो सर, सकाळी."

"हत्यारांची?"

"नाही सर, नुसती खुर्चीची. तीसुद्धा फूल ठेवून. हत्यारं तर पाकिटात होती."

मी हसलो. माझ्या त्या हसण्याला आमचं अख्खं खातं घाबरतं. दुसरं पाकीट मागितलं. त्यातल्या हत्यारावरही कुंकू. तिसरं मागितलं, तर कुंकवाबरोबर तांदळाचा दाणा! अक्षता! म्हणजे पूजा अगदी साग्रसंगीत झालेली. आता बंद पाकिटात अक्षता शिरतात कशा, हा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. मला नाही पडला. मी ठरवून टाकलं, आधी पूजा केली आणि मग पाकिटं बंद केली.

मग काय, माझं भाषण सुरू. श्रद्धा वेगळी, आरोग्य वेगळं, लोकांच्या तोंडात काय घालताय, शिकून काय उपयोग, सगळं ऐकवलं. शेवटी म्हटलं, कुलूप लावावं लागेल. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण होती खमकी. डोळे पुसले, हात धुतले, नवे हातमोजे चढवले आणि माझ्यापासून चांगली लांब जाऊन तिने नवीन पाकीट फोडलं. चिमटा उंच धरून दाखवला. लखलखीत! एक डाग नाही.

"इकडे आणा," मी म्हटलं. घेतला, नाकाशी नेला, वाकलो.

टप्प. लाल थेंब.

"मग हे काय आहे?" मी ओरडलो.

तिने थेंबाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग ट्रेमधला दात बघायचा तो बारका आरसा उचलून माझ्यासमोर धरला.

"सर, रागावू नका. पण जरा बघता का?"

रुपयाएवढ्या आरशात माणूस दिसणार किती? आधी दिसलं नाक. शेंडा लालभडक. तिने आरसा सावकाश वर नेला, पेशंटला किडकी दाढ दाखवतात तसा. भुवईत अडकलेला तांदळाचा दाणा दिसला. आणि वर कपाळभर ओघळलेलं कुंकू.

अहो, सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर, जीप, झेरॉक्स मशीन, सगळ्यांना कुंकू लावून झाल्यावर आमच्या हेडक्लार्क बाईंनी उरलेलं सगळं माझ्या कपाळावर थापलं होतं. ओलं, आणि वर अक्षता. सणाचं कुंकू कोण पुसतं का? मी साफ विसरलो होतो. ड्रायव्हरने वाटेत पाहिलं होतं म्हणे. पण साहेबाला कोण सांगणार!

लाज वाटली हो. पोरीला उगाच रडवलं होतं मी. म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही पास. निघतो मी."

"नको सर," ती म्हणाली. "नीट तपासूनच पास करा. पण ही हत्यारं आता कुणाच्या तोंडात घालता येणार नाहीत. सगळी धुऊन परत मशीनमध्ये टाकते. तोवर बाहेर बसा."

(परवाना मिळाला तिला, काळजी करू नका.)

बाहेर बाकावर कंपनीतला एक माणूस बसला होता. गाल हा एवढा सुजलेला. मी शेजारी बसलो, नाकाला रुमाल लावून, तर त्याला मीही पेशंटच वाटलो.

"लय टाइम झाला राव," तो म्हणाला. "आत कोन साहेब आलाय म्हने. त्याच्यापायी सगळं अडलंय."

"असतात हो एकेक," मी म्हटलं.

"त्याला काय कळतं का दातातलं?"

"काही नाही."

"सगळी हत्यारं घान करून ठेवली म्हने त्यानं."

मी रुमाल जरा वर ओढला आणि मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर मोनाली म्हणाल्या, "सर, हत्यारं तयार आहेत, या तपासायला. फक्त आधी तेवढं तोंड धुऊन घ्या. साबणाने."

शेजारच्याने माझ्याकडे बघितलं आणि गाल धरून हसायला लागला. दुखत होतं तरी हसत होता. मी मुकाट्याने बेसिनपाशी गेलो. ज्या माणसाने आयुष्यभर डॉक्टरांना हात कसे धुवायचे ते शिकवलं, तो तोंड धूत होता आणि ती मागे उभी राहून नीट धुतोय का ते बघत होती.

"मानेला पण लागलंय, सर," ती म्हणाली.

मी मानही धुतली.