आम्ही होडी का विकली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लेकीला नाही, अंबाजोगाईच्या धाकट्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. नऊ वर्षं झाली. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी तोंड उघडतंय. जरा धीर धरा मात्र. मी शाळेत शिकवायचे तेव्हाही पोरं म्हणायची, बाई लई फिरवून फिरवून सांगतात.

आम्ही युसूफ वडगावचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि आमचे हे मालवाहू जहाजावर फिटर. तीस वर्षं. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, उरलेले घरी — तेही निम्मे शेताच्या कामात. लेकीचं बारसं, तिची दहावी, सासूबाईंचं आजारपण, सगळं मी एकटीनं निभावलं. हे निवृत्त होऊन आले त्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आधी मला म्हणाले, "आता जिथं जाईन तिथं तू संगं. लई एकटी ऱ्हायलीस."

आणि दोन महिन्यांत ह्यांनी शिडाची होडी घेतली!

बीड जिल्ह्यात शिडाची होडी. हसा, खुशाल हसा, सगळं गाव हसलं होतं. गोव्याला कुणा म्हाताऱ्या माणसाची, जमिनीवर टेकवून ठेवलेली, तिशी ओलांडलेली फायबरची होडी. अठ्ठावीस फूट लांब, आत दोन माणसांना झोपायला जागा, छोटंसं स्वयंपाकघर. पण बुडाला फोडच फोड. वर्षानुवर्षं पाण्यात राहून फायबरमध्ये ओल शिरली होती. तिथले कारागीर म्हणाले, इथल्या दमट हवेत ही वाळायला फार दिवस लागतील. हे म्हणाले, "मग आमच्याकडं नेतो की. आमच्याकडं काय वाळत न्हाई?" ट्रकवर घालून, घाट चढवून, होडी आमच्या शेतातल्या लिंबाशेजारी आणून उभी केली. खरंच सांगते, आपला मे महिना कुणाच्या कामी आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दोन उन्हाळे आम्ही त्या होडीच्या अंगाखाली काढले. तोंडाला रुमाल बांधून एकेक फोड खरवडायचा, धुवायचा, वाळू द्यायचा, मग खड्ड्यात लांबी भरून बुजवायचा. ओल गेली का ते बघायला हे बुडाला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी आतून घाम धरलाय का ते पाहत. ज्या दिवशी तुकडा कोरडा निघाला त्या दिवशी ह्यांनी गावात पेढे वाटले. फाटलेलं शीड मांडववाल्या गणपतकडे नेलं. त्याच्या मशीनच्या तीन सुया मोडल्या. "बाई, ह्यो कपडा हाय का पत्रा?" असं विचारत विचारत त्यानं ते शिवून दिलं. इंजिन ह्यांनी स्वतः खोललं, स्वतः जोडलं. मी गाद्या शिवल्या. झाकण न उडणारे डबे शोधले. होडी कलली तरी पातेलं सरळ राहावं म्हणून झुलणारी शेगडी बसवली, आणि तिच्यावर पहिला चहा मीच केला. दुपारी मी त्या होडीत पुस्तक घेऊन पडायचे. ह्यांचा ग्राइंडर चालू असायचा, आणि मला इतकं सुखाचं वाटायचं — कसं सांगू? लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर आमचा संसार तिथं, लिंबाखाली, सुरू झाला.

रत्नागिरीहून निघायचं, किनारा धरून कोचीला, तिथून लक्षद्वीप, जमलं तर श्रीलंका. दोन वर्षं. नकाशा देवघराच्या शेजारी चिकटवलेला होता.

आता येते मुद्द्यावर. येते — थांबा.

आधी आम्ही शीड हाताळायला शिकायला आठ दिवस गोव्याला गेलो, दुसऱ्यांच्या होडीवर. तिसऱ्या दिवशी किनारा दिसेनासा झाला. मागं वळून पाहिलं तर पाणी, पुढं पाणी. ह्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं, अरे, हा माणूस मी ओळखतच नव्हते! आणि मी? मी एका दोरीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. मळमळ नव्हती. नुसती भीती. आणि ती पुढचे पाच दिवस गेलीच नाही. काठावर उतरल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं वाटलं गं?" मी म्हणाले, "लई भारी." तेव्हा खरं बोलले असते तर? ह्या माणसानं माझं ऐकलं नसतं का? ऐकलं असतं. मला ते पक्कं ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही. दोन उन्हाळे एवढ्या उत्साहानं राबलेली बाई आता भ्याली असं कोण म्हणवून घेणार? मला मान खाली घालायची नव्हती, बास.

निघायच्या दीड महिना आधी दोघांची तपासणी करून घ्यायला एसटीनं अंबाजोगाईला गेलो. ह्यांची आधी झाली. माझ्या वेळेला हे कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले. डॉक्टर तरुण होते. छातीचा आलेख बघून म्हणाले, "मावशी, हृदय एकदम चांगलं आहे. खुशाल जा." मी त्यांचे आभार मानून बाहेर आले. बाकावर बसले. हे झेरॉक्सची पिशवी हलवत आले, म्हणाले, "काय म्हनले डाक्टर?"

आणि मी म्हणाले — माझे ठोके चुकतात. लांबचा प्रवास करायचा नाही म्हणालेत. गोळ्या नकोत, पण मीठ कमी करायचं, दगदग करायची नाही, दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

इतकं सगळं एका दमात कुठून सुचलं? शाळेतल्या पोरांची थाप मी डोळ्यांवरून ओळखायचे. माझी ह्यांना ओळखू आली नाही. कारण त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलंच नाही, त्यांनी आधी माझ्या हातातली पिशवी घेतली.

मला वाटलं होतं, हे चिडतील. किंवा जहाजावरच्या एखाद्या मित्राला घेऊन जातील, आणि मी घरी राहीन, पूर्वीसारखी. तशी मनाची तयारीही केली होती. परतीच्या एसटीत मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "तुला टाकून? आन् कशापायी?" एवढंच. घरी आल्यावर नकाशा काढला, घडी घालून कपाटात ठेवला.

खरं सांगू? मला आनंद झाला. हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. भीतीपोटी खोटं बोलले, ते एक वेळ समजू शकते. पण माणूस सगळं सोडून माझ्याजवळ थांबला म्हणून मी मनातून सुखावले, आणि त्या सुखापायी गप्प राहिले. तीस वर्षं जो नवरा मला मिळाला नव्हता तो असा मिळाला.

होडी पुण्याच्या एका जोडप्यानं घेतली. ह्यांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेऊन एकेक गोष्ट समजावली. कुठला व्हॉल्व्ह अडतो, कुठल्या वायरचा भरवसा धरायचा नाही. निघताना त्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "काकू, तब्येत जपा." मी मान हलवली. ट्रक निघाला तसे हे त्याच्यामागे पार फाट्यापर्यंत चालत गेले.

त्यानंतरची नऊ वर्षं — काय सांगू, सोन्यासारखी गेली. रोज सकाळी हे माझं मनगट धरून घड्याळावर ठोके मोजतात. "बहात्तर. झकास!" गॅसची टाकी मला हलवू देत नाहीत, गच्चीवर चढू देत नाहीत. मी अळणी खाते म्हणून स्वतःही अळणी खातात; कितीदा म्हणाले, तुमच्या भाजीत घाला की मीठ, तर म्हणतात, सवय झाली. सहा महिन्यांनी, शेताकडं कोण बघेल असं म्हणून ह्यांना घरी थांबवून, तपासणीच्या नावाखाली मी बहिणीकडे जाते आणि तिच्या हातचं चांगलं मीठ-मसाल्याचं जेवून येते. तो घास घशाखाली उतरतो, हेही कबूल करते. ह्या माणसाचे माझ्यावर इतके उपकार आहेत की मोजायला बसले तर जन्म पुरायचा नाही. कृतज्ञ आहे, रोज आहे. आणि रोज फसवतेही आहे. दोन्ही एकाच वेळी असतं का माणसात? असतं. मी आहे की.

आता ह्यांनी सत्तरी ओलांडली, गुडघे गेले. आता सांगून काय उपयोग, उगीच त्यांना दुःख, असं मी स्वतःला समजावते. तीही सबबच, दुसरं काय?

गेल्या महिन्यात पुण्याच्या त्या जोडप्याचा फोन आला. होडी रत्नागिरीला आणली होती. या, चार दिवस राहा, काका, सुकाणू तुम्हीच धरा, असं ते आग्रहानं म्हणत होते. फोन मोठ्या आवाजावर होता, मला सगळं ऐकू येत होतं. हे म्हणाले, "न्हाई ओ, घरच्यांना झेपायचं न्हाई." मग, "मी एकटा? आन् हिकडं तिला कोन बघंल?" मग हसले, आणि विचारलं की वारं वाढलं की सुकाणू हाताला जड लागतं का. समोरचा माणूस सांगत राहिला आणि हे खुर्चीच्या कडेला सरकून, फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिले. मी दारात उभी होते. मला काही झालेलं नाही, चला, जाऊ — एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणाले नाही.

फोन ठेवून ते मला म्हणाले, "पान्यात लई हलकी चालती म्हनं आपली होडी."

म्हनं. ज्यांनी तिचा एकेक फोड हातानं खरवडला, ते तिच्यात पाण्यावर एकदाही बसलेले नाहीत. ती कशी चालते हे त्यांना दुसऱ्याकडून ऐकावं लागतं. हे मी केलं.