धुतलेली तोटी

मी घागर भरून उचलली अन् माझ्या पाठीमागंच काकूनं नळ धुतला. चिंच लावून तोटी घासली, वरून बादलीभर पाणी ओतलं. दुष्काळाचं साल. बाहेर रस्त्यावर बाया टँकरसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, अन् इथं माझा हात लागला म्हणून बादलीभर पाणी मोरीत गेलं.

काकू म्हंजी आमची घरमालकीण. उस्मानपुऱ्यात तिचं घर, मागच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं. तिचा सासरा निजामाच्या दफ्तरात कारकून होता, हे ती आल्यागेल्याला सांगायची. वाकडं कधी बोलली नाय. गोडच बोलायची. गोड बोलणाऱ्याचा मला आता लई राग येतो.

भाड्यानं राहायचं का विकत घ्यायचं, यावरून आमच्यात रोज भांडण. नवरा वाळूजला कंपनीत. तो म्हणायचा, "पैठण रोडला प्लॉट घेऊ. पत्र्याचं का हुईना, आपलं." मी म्हणायची, "तिथं पाणी कुठंय? पोरीला टँकरमागं पळवू?" मी देवगाव रंगारीकडची. हंडा डोक्यावर घेऊनच वाढले. काकूच्या बोअरला भर उन्हाळ्यात पाणी असायचं. सकाळी अंगणातला नळ ती भाडेकरूंना सोडायची. त्या पाण्यापायी मी भाड्याला चिकटून बसले. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणातबी खपतं. काकूनं तिच्या मनानं आमची जात वरचीच ठरवून टाकली होती.

तिच्या गुडघेदुखीला इंजेक्शनं लागायची. मी दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून आले की मीच टोचायची. "तुझा हात किती हलका गं," म्हणायची.

मग गावाहून आई आली. आल्या आल्या अंगणात काकूला हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "जय भीम, बाई." आईला दुसरा नमस्कार येतच नाय. काकूचा चेहरा उतरला. पदर सावरत आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोटी धुतली, ती अशी.

मी बघतच राहिले. तेवढ्यात आई कळशी घेऊन नळाकडं आली. काकू लगबगीनं मधी आली.

"थांबा हो आजी. नळाला हात नको. मी तांब्यानं वरून घालते. आमचं काही नाही हो, पण याच पाण्यानं देव धुवायचे असतात ना."

अन् माझी आई खाली बसली. उकिडवी. कळशी पुढं सरकवली अन् सोता हातभर मागं सरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या विहिरीवर लहानपणी शिकलेली. अंगाला पाठ झालेलं. वरून पाणी पडत होतं अन् आई मान खाली घालून म्हणत होती, "लई उपकार झाले बाई."

माझ्या डोक्यात सणक गेली. आईला दंडाला धरून उठवली. कळशी लाथेनं उडवली. माझी भरलेली घागर त्या धुतलेल्या नळाखाली पालथी केली.

"अगं बाई! एवढं पाणी! दुष्काळात कुणी सांडतं का असं?"

"मघाशी तुम्ही बादली ओतली, तवा कुठं गेलता दुष्काळ? माझ्या हातची सुई चालती. घागर चालत नाय व्हय?"

काकू तांब्या घेऊन मागं सरली. आईच मला ओरडली, "येडी का काय तू? पाणी सांडलं ना!" ती रडत होती. पाण्यासाठी रडत होती. मला तेच लई लागलं.

नवरा आल्यावर म्हणलं, "प्लॉट बघ."

"अन् पाणी?"

"बोंबलत गेलं पाणी."

विकत घ्यायलाबी सुख नाय. पहिला दलाल आडनावामागं गाव अन् गावात कोणती आळी, विचारत बसला. "सोसायटी चांगल्या लोकांची आहे," म्हणला. मी म्हणलं, "मग नको. आम्हाला माणसांची पाहिजे."

आता पैठण रोडला राहतो. पत्रा दुपारी भाजून काढतो. टँकर कधी येतो, कधी गुंगारा देतो. येतो तवा मीबी झिंज्या उपटते. दारात रांजण ठेवलाय. आई सोताच्या हातानं तांब्या बुडवून पाणी घेती. पण बुडवायच्या आधी अजूनबी इकडंतिकडं बघती.

मधी काकूचा फोन आला. गुडघा परत धरला होता. "ये ना गं. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा."

"येते की," मी म्हणलं. "आईला घेऊन येते. ती आधी तुमच्या नळाला तोंड लावून पाणी पिईल, तुमच्यासमोर. ती पिऊन झाली अन् तुम्ही नळ धुतला नाय, तर सुई देते."

काकूनं फोन ठेवला.

ठेवू दे. पोरगी शेजारी बसून ऐकत होती. तिला म्हणलं, ध्यानात ठेव. कुणी वरून ओतायला लागलं की आपलं भांडं मागं घ्यायचं. घसा कोरडा पडला तरी घ्यायचं. खाली बसायचं नाय.