खांद्यावरची चार बोटं

आमच्या आत्याने डूख धरला तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि त्याची सुरुवात माझ्याच खांद्यावरून झाली. आता ती पासष्टची आहे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचा फोटो स्टुडिओ आहे. बुटकी, स्वेटरच्या खिशात कायम लाल पेन्सिल, आणि आवाज असा की रडणारं पोर रडायचं थांबतं. गावात तिला कोणी नावाने ओळखत नाही. सगळे तिला उजेडबाई म्हणतात.

हे नाव कसं पडलं ते सांगते. हिवाळ्याच्या सुट्टीत सगळ्या घरांमधली माणसं एकत्र जमतात आणि कोणाला ना कोणाला हुक्की येते की चला, सगळ्यांचा फोटो काढू. मग पंधरा-वीस माणसं कोट-मफलर चढवून आत्याच्या स्टुडिओत घुसतात. आत्या लगेच काही सांगत नाही. पडद्यासमोर बाकं ठेवते आणि नुसती बघत राहते. कर्ता माणूस न सांगता मधल्या खुर्चीत बसतो, त्याच्या आजूबाजूला लाडकी मंडळी. आणि एक जण, नवऱ्याशी न पटलेली मुलगी म्हणा, नोकरी गेलेला भाऊ म्हणा, आपणहून काठाला जाऊन उभा राहतो. आत्या नेमकं त्यालाच बोलावते. "तुम्ही या इकडे, मध्ये. उजेड इथे चांगला पडतो." घरचे नाकं मुरडतात, पण उजेडाशी कोण वाद घालणार.

याच्यामागे धंद्यातली एक गोष्ट आहे. काठावरचा माणूस सुटा असतो. लाल पेन्सिलने एक उभी रेघ मारली की तो फोटोतून गेला. मधला तसा जात नाही. एकदा एक सासरेबुवा दोन वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन आले आणि "हिला यातून काढता येईल का" म्हणून मधल्या सुनेवर बोट ठेवलं. आत्या म्हणाली, "मधून माणूस काढला की भोक पडतं. भोक टांगणार का भिंतीवर?" आता कॉम्प्युटरवर मधला माणूसही बेमालूम काढता येतो. आत्याला येतं. ती कोणालाच काढून देत नाही.

आता माझ्या खांद्याकडे येते.

आत्या चोवीस वर्षांची असताना आठ महिन्यांत नवऱ्याचं घर सोडून परत आली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि घरात कोणी विचारलंही नाही. त्याच वर्षी तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, ऑफिसात बढती मिळाली. नवीन घर घेतलं. दिवाणखान्यात मोठी मोकळी भिंत. सुट्टीत सगळे जमलोच होतो, म्हणून त्या भिंतीसाठी फोटो काढायला आम्ही याच स्टुडिओत आलो. तेव्हा तो दुसऱ्या मालकांचा होता. काकांनी सगळ्यांना स्वतः उभं केलं. मी उजव्या टोकाला, माझ्यामागे अगदी काठाला आत्या. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. हात थंडगार होता, स्वेटरमधूनसुद्धा कळत होतं.

आठवड्याने फोटो फ्रेम होऊन भिंतीवर लागला. सगळे बघायला जमले. फोटोत सगळे होते, आत्या नव्हती. टोकाला मी, आणि माझ्या खांद्यावर चार बोटं. रेघ अजून आत घेतली असती तर माझा खांदा गेला असता, म्हणून ती बोटं तेवढी राहिली होती.

मी विचारलं, "आत्या कुठे गेली? ही बोटं तर तिची आहेत."

काका म्हणाले, "कुणाची नाहीत गं. फोटोत असं येतं कधीकधी."

आत्या तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. माझ्या बाबांनी, तिच्या सख्ख्या भावाने, कपात तोंड घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही. त्यांचा मला आजही राग येतो, आणि ते गेले तरी तो कमी झालेला नाही. आत्याने सगळ्यांना चहा दिला. काकांनाही दिला. काका कारण नसताना बोलत राहिले. लोक येतात, बघतात, नको ते विचारतात, पुढच्या आठवड्यात साहेब चहाला येणार आहेत, तुम्हाला काय कळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्टुडिओत गेली आणि मालकांना म्हणाली, "तुम्ही मला कापलंत. आता मला कापायला शिकवा." मालक ओशाळले असावेत, कारण त्यांनी तिला लगेच ठेवून घेतलं. पुढे त्यांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी स्टुडिओ तिच्या हवाली केला. कामाच्या तिसऱ्या वर्षी जुन्या पाकिटांमध्ये तिला आमची निगेटिव्ह सापडली, अख्खी. तिच्यावरून तिने एकच फोटो काढला आणि मी माझं घर केलं तेव्हा मला दिला. माझ्या घरात आत्या पूर्ण आहे.

काकांशी तिचं बोलणं कधी बंद नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती त्यांच्याकडे जायची, त्या भिंतीखाली बसायची, चहा प्यायची, तब्येत विचारायची आणि परत यायची. काका मात्र एकदाही तिच्या स्टुडिओची पायरी चढले नाहीत. फोटो काढायचे झाले तर सगळं घर घेऊन पुलापलीकडच्या दुकानात जायचे. आणि तो फोटो एकेचाळीस वर्षं त्याच खिळ्यावर होता.

गेल्या सुट्टीत काकांची पंचाहत्तरी झाली. त्यांचा मुलगा बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन परदेशातून आला. भिंतीवर नवा फोटो हवा असं त्याच्याच मनात आलं. पुलापलीकडचा फोटोवाला तापाने आडवा झालेला. मुलगा सहज म्हणाला, "मग आत्या आहे की." काकांनी कोट चढवला. नाही म्हणायला कारण तरी काय देणार?

आम्ही सतरा जण स्टुडिओत गेलो. काका न सांगता मधल्या खुर्चीत बसले. आत्या कॅमेऱ्यामागून म्हणाली, "दादा, चष्म्यावर उजेड येतोय. जरा डावीकडे ये."

काका सरकले.

"अजून जरा. अजून. त्या खुर्चीत वहिनीला बसू दे, तिला उभं राहवत नाही."

काकू बिचारी मधल्या खुर्चीत बसली. असं मध्ये बसायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी, ती खुर्चीच्या टोकावरच टेकली. काका सरकत सरकत टोकाला गेले.

"बास. आता उभाच राहा. आणि उजवा हात पोरीच्या खांद्यावर ठेव."

तेव्हा ती मांडणी मी ओळखली. टोकाला सहा वर्षांची मुलगी, तिच्यामागे काठाला उभा माणूस, खांद्यावर हात. मी आत्याकडे पाहिलं. ती कॅमेऱ्यात बघत होती. काकांना काही कळलं नाही. ते छान हसले. सगळ्यांत चांगले तेच आलेत त्या फोटोत, अगदी आनंदी.

चार दिवसांनी तिने मला स्टुडिओत बोलावून टेबलावरचा मोठा प्रिंट दाखवला. काकू मध्ये, सगळे हसरे, टोकाला ती छोटी, आणि तिच्या खांद्यावर चार बोटं. एका बोटात लाल खड्याची अंगठी. काका नव्हते.

मी म्हटलं, "आत्या, म्हातारा झालाय तो. जाऊ दे ना आता."

"कुठे जाऊ देऊ? भिंतीवरच आहे अजून ते."

"सगळ्यांना हाच देणार?"

"बाकीच्यांना अख्खा. हा फक्त त्या भिंतीला." तिने बोटांवर अंगठा ठेवला. "मला बोटंही काढता आली असती. एका मिनिटाचं काम आहे. पण आपण पूर्ण गेलो तर निदान कळत तरी नाही कोणाला. बोटं राहिली की रोज दिसतं, इथे कोणीतरी होतं आणि ते नको झालं."

मनात आणलं असतं तर मी काकांच्या मुलाला फोन करून सांगू शकले असते. मी केला नाही. खोटं कशाला सांगू, मला ते बघायचं होतं.

रविवारी सकाळी आत्या कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन काकांकडे आली. काकू चहा ठेवायला आत गेली, बाकी सगळे दिवाणखान्यात होते. तिने स्वतः स्टुलावर चढून जुना फोटो काढला आणि काखेत धरला. त्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उमटला होता. त्याच खिळ्यावर तिने नवा लावला आणि खाली उतरून बाजूला झाली.

पहिला मुलगाच बोलला. "आत्या, प्रिंट चुकलाय बहुतेक. बाबा कापले गेलेत."

"चुकला नाही," आत्या म्हणाली.

काका खुर्चीत पुढे वाकून बघत होते. आधी त्यांनी स्वतःला मध्ये शोधलं, मग दुसऱ्या रांगेत, मग टोकाला. टोकाला आल्यावर त्यांची नजर थांबली. आणि मग ती हळूहळू आत्याच्या काखेतल्या फोटोकडे गेली. माझ्या त्या जुन्या खांद्याकडे. ते विसरले असतील अशी मला भीती होती. विसरले नव्हते.

"सगळ्यांसमोर?" एवढंच ते म्हणाले.

"तेव्हाही सगळेच होते, दादा."

तेवढ्यात छोटी भिंतीजवळ गेली, टाचा उंचावून फोटो बघितला आणि वळून विचारलं, "आजोबा कुठे गेले? ही बोटं तर त्यांची आहेत. अंगठी आहे."

आत्या छोटीजवळ खाली वाकली, आणि एकेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तिने अगदी मऊ आवाजात सांगितलं.

"कुणाची नाहीत गं. फोटोत असं येतं कधीकधी."

काकू आतून चहा घेऊन आली. आत्याने तिच्या हातातून ट्रे घेतला आणि पहिला कप काकांपुढे धरला. काकांचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही. कप डाव्या हाताने घेतला आणि त्यात तोंड घातलं.